घरट्याची तारीख कोण ठरवतं?

साताऱ्याहून कोरेगावला येताना एस.टी.त खिडकीची जागा मिळाली, तर डुलकी घेऊ नका. जरंडेश्वराचा डोंगर दिसायला लागला की रस्त्याकडेच्या विजेच्या तारांवर नजर ठेवा. कोतवाल दिसेल, वेडे राघू दिसतील, नशीब असेल तर नीलपंख दिसेल. आणि मग एखाद्या तारेवर एकटाच बसलेला, कावळ्यापेक्षा लहान, पांढराशुभ्र पक्षी दिसेल. पाठ राखाडी, खांद्यावर ठसठशीत काळा डाग, आणि बसल्या बसल्या शेपटी वर-खाली करण्याची सवय. ही कापशी घार.

दुर्बिणीतून तिचा चेहरा बघितलात तर क्षणभर दचकाल. डोळे लालभडक! शिवाय ते घुबडाच्या डोळ्यांसारखे समोर रोखलेले. डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी रेघ. आपली नेहमीची तपकिरी घार आकाशात मोठमोठ्या घिरट्या घालते, गावाच्या उकिरड्यावरही उतरते. कापशीला ते फारसं आवडत नाही. तिला हवं मोकळं रान, मधूनच एखादी बाभूळ आणि गवतात पळणारं काहीतरी.

तिची शिकार बघायला मिळाली तर हातातलं काम टाकून बघा. वाऱ्याकडे तोंड करून ती हवेत एकाच जागी उभी राहते. पंख भराभर हलतायत, शेपटी कधी पसरतेय कधी मिटतेय, पण डोकं? डोकं जागचं हलत नाही. सगळं अंग हलत असताना डोकं स्थिर ठेवलं नाही, तर वीस-तीस मीटर खालच्या गवतातली हालचाल तिला नेमकी टिपता येणार नाही. पाण्यावर असाच थांबणारा कवड्या खंड्या तुम्ही तीळगंगेवर किंवा कृष्णेवर बघितला असेल. कापशी रानावर थांबते. खाली काही दिसलं की पंख वर उंच उचलून ती थोडी खाली येते, पुन्हा थांबते, आणखी थोडी खाली येते, पुन्हा थांबते. आणि मग एकदम पाय पुढे टाकून गवतात जाते. वर आली तेव्हा पायात बहुतेक वेळा उंदीर असतो. कधी सरडा, कधी मोठा नाकतोडा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पक्षी घरटी कधी बांधतात?

तुम्ही लगेच सांगाल, कावळा पावसाच्या आधी, सुगरण पावसाळ्यात. बरोबर आहे. बहुतेक पक्ष्यांचा हंगाम ठरलेला असतो. कापशीचं मात्र असं नाही. तिचं घरटं ऑगस्टमध्ये सापडू शकतं, डिसेंबरमध्ये सापडू शकतं, फेब्रुवारीतही सापडू शकतं. भर उन्हाळ्यातले एप्रिल-मे हे दोन महिने सोडले, तर आपल्या देशात वर्षभरात कधीही कापशी अंड्यांवर बसलेली दिसू शकते. एका वर्षी एका बाभळीवर घरटं असतं आणि पुढच्या वर्षी त्याच रानात कापशीचा पत्ताच नसतो! मग हिची तारीख ठरवतं तरी कोण?

उत्तर सांगण्याआधी तुम्हाला एका पाहुण्याकडे नेतो. त्याचं नाव ऑस्प्रे. हाही शिकारी पक्षी, पण कापशीपेक्षा कितीतरी मोठा. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड मीटरच्या पुढे. खातो मात्र जवळजवळ फक्त मासे. त्याचे पाय तर खास बघण्याजोगे असतात. तळव्यांवर बारीक काट्यांसारखे खवले असतात, त्यामुळे बुळबुळीत मासा निसटत नाही. बाहेरचं बोट त्याला मागे वळवता येतं, म्हणजे दोन बोटं पुढून आणि दोन मागून अशी पक्की पकड बसते. पाण्यात सूर मारताना तो नाकपुड्या बंद करतो. आणि मासा उचलून नेताना त्याचं तोंड पुढे ठेवतो, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी होतो.

हा ऑस्प्रे हिवाळ्यात आपल्या महाराष्ट्रात येतो. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला गेलात, तर पाण्यातल्या वाळक्या झाडावर मासा खात बसलेला ऑस्प्रेही शोधा. पण त्याचं घरटं आपल्याकडे शोधू नका. उन्हाळा लागला की मोठे ऑस्प्रे परत फिरतात, हिमालय ओलांडून उत्तरेच्या थंड मुलखात जातात आणि तिथे घरटी करतात. लहान वयाचे ऑस्प्रे काही वेळा उन्हाळाभर इथेच राहतात, कारण घरटं करण्याएवढे ते अजून मोठेच झालेले नसतात.

उत्तरेकडे ऑस्प्रेची तारीख अगदी ठरलेली असते. तिथली तळी हिवाळ्यात गोठतात. गोठलेल्या तळ्यातून मासा काढणार कसा? बर्फ वितळला की वसंतात नर आणि मादी वेगवेगळे प्रवास करून जुन्याच घरट्यावर पोचतात. अंडी बहुतेक वेळा तीन. ती उबवायला पाच आठवडे, पिल्लं उडायला आणखी सात-आठ आठवडे. मग पुन्हा थंडी पडायच्या आत निघायचं. मधला उन्हाळा एवढाच. पण तो उन्हाळा उजेडाचा असतो! स्कॉटलंडमध्ये जूनमध्ये जवळजवळ अठरा तासांचा दिवस असतो. आपल्या कोरेगावात वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या थोडासाच पुढे जातो. पिल्लांसाठी मासे आणणाऱ्या बापाला ते जास्तीचे तास किती उपयोगी पडत असतील!

स्कॉटलंडचं नाव काढलंय, तर तिथली एक गोष्ट सांगतोच. अंडी चोरणाऱ्या आणि शिकार करणाऱ्या माणसांमुळे ब्रिटनमधून ऑस्प्रे पार संपले होते. अनेक वर्षांनी, १९५४ साली, एक जोडी स्कॉटलंडमधल्या लॉक गार्टन या तळ्याकाठी परत आली. १९५८ साली रात्रीच्या अंधारात कुणीतरी झाडावर चढून त्यांची अंडी पळवली. पक्षीप्रेमी फार हळहळले, पण त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. पुढच्या वर्षी घरट्यावर रात्रंदिवस पहारा बसवला आणि लांबवर एक जागा करून लोकांना तिथून दुर्बिणीने घरटं बघायला बोलावलं. घरटं लपवून ठेवण्यापेक्षा सगळ्यांच्या नजरेत ठेवलं. १९५९ च्या त्या उन्हाळ्यात हजारो माणसं तिथे येऊन गेली आणि पिल्लं सुखरूप उडाली.

तर ऑस्प्रेची तारीख ठरवतो तळ्यावरचा बर्फ. कोरेगावात बर्फ कुठला? मग कापशीची तारीख ठरवतं कोण?

उंदीर!

हसू नका, खरंच सांगतोय. कोरेगावचं शिवार डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात सोयाबीन आणि घेवडा. इथला वाघ्या घेवडा, ज्याच्या दाण्यावर पट्टे असतात, तो एवढा नामांकित की त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. पाऊस सरला की शाळू, हरभरा, गहू. पाण्याखालच्या रानात ऊस आणि आलं. म्हणजे वर्षभर काही ना काही पिकतंय. उंदरांना आणखी काय पाहिजे? बांधात बीळ करायचं, रात्री पिकात शिरायचं, दाणे खायचे आणि काही जातींनी तर बिळात साठवूनही ठेवायचे. शेतातली उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते. एका वेळी पाच-सहा, कधी त्याहून जास्त पिल्लं. ती पिल्लंही थोड्या महिन्यांत स्वतः आई-बाप होतात. खाणं भरपूर मिळालं की एका हंगामात एका बांधावर उंदरांचं गोकुळ होतं.

उभ्या पिकात मात्र उंदीर वरून दिसत नाहीत. पीक निघालं की रान उघडं पडतं. सांडलेले दाणे वेचायला उंदीर बाहेर येतात, पण डोक्यावरचा आडोसा गेलेला असतो. घेवडा-सोयाबीनची सुगी झाली, उसाला कोयता लागला, शाळू काढला की त्या रानाच्या कडेला तारेवर कापशी बसलेली दिसलीच म्हणून समजा.

ज्या भागात उंदीर वाढतील तिथे कापश्या येतात, जोड्या जमतात आणि घरटी होतात. उंदीर घटले की त्या दुसरं रान शोधायला निघून जातात. घर एका जागी आणि तारीख ठरलेली, हा ऑस्प्रेचा रिवाज. तो दरवर्षी त्याच घरट्यात नव्या काटक्या घालतो, त्यामुळे काही जुनी घरटी एक मीटरहून जास्त रुंद झालेली असतात. कापशीला जुन्या घराची ओढ नाही. ती बहुतेक वेळा नवंच घरटं करते. तेही किती साधं! बाभळीसारख्या काटेरी झाडाच्या शेंड्याकडे काटक्यांची विरळ रचाई, आत थोडं गवत. खालून बघितलं तर चाळणीतून दिसावं तसं आभाळ दिसतं. बांधकामात मादीचा हात जास्त चालतो. नर काटक्या आणून देतो, पण नीट बसवून बघणं, पसंत न पडलेली काटकी काढून टाकणं, हे मादीचं काम.

त्या दिवसांत एरवी गप्प असणाऱ्या कापश्या बोलायला लागतात. बारीक शिट्टीसारखा आवाज. घरटं आहे की नाही हे पुष्कळदा त्या आवाजावरूनच कळतं. अंडी तीन किंवा चार, फिकट रंगाची आणि त्यांवर तांबूस-तपकिरी डाग. ती उबवायला साधारण महिना लागतो आणि पिल्लं उडायला जवळजवळ तेवढाच वेळ. नर-मादी दिसायला अगदी सारखेच. मादी किंचित मोठी, पण ती एकटी बसली असेल तर ओळखणं कठीण. मग ओळखायचं कामावरून. घरट्यात जास्त वेळ बसते ती मादी. उंदीर घेऊन येतो तो नर.

ही उंदीर देण्याघेण्याची पद्धत मला फार आवडते, म्हणून जरा सावकाश सांगतो. नर शिकार घेऊन सरळ घरट्यात जात नाही. तो घरट्यापासून थोड्या अंतरावरच्या झाडावर उतरतो आणि शिट्टी घालतो. मादी मान वर करते. लगेच उठत नाही. आधी इकडेतिकडे बघते, कावळा आसपास नाही ना याची खात्री करते. मग उडून त्याच्याजवळ जाते. तो बाजूला सरकतो, ती त्याच्या पायातला उंदीर घेते आणि निघते. पिल्लं लहान असतील तर ती घरट्याच्या काठावर बसून, उंदराला पायाखाली धरून, चोचीने बारीक धागा ओढावा तसा मांसाचा तुकडा काढते आणि मान वाकवून पिल्लाच्या चोचीत देते. शिकार करताना जी चोच एवढी भीती वाटावी अशी दिसते, तीच चोच इथे इतकी हलकी चालते! नर तोवर पुन्हा रानावर जाऊन हवेत उभा राहिलेला असतो.

पिल्लं सगळी एका मापाची नसतात. का माहितीये? कोंबडी सगळी अंडी घालून झाल्यावर उबवायला बसते, म्हणून तिची पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. कापशी तेवढी थांबत नाही. शेवटचं अंडं यायच्या आधीच ती बसायला लागते. त्यामुळे पहिलं पिल्लू आधी बाहेर येतं आणि शेवटचं काही दिवसांनी. घरट्यात थोरलं, मधलं, धाकटं असे स्पष्ट ओळखू येतात.

थोरल्याची मान उंच, आवाज मोठा, म्हणून पहिला घास त्याला. रानात उंदीर मुबलक असतील तर त्याचं पोट लवकर भरतं, ते बाजूला होतं आणि धाकट्यापर्यंत घास पोचतो. चारही पिल्लं वाढतात. उंदीर कमी पडले तर धाकट्याची पाळी येईपर्यंत काही उरत नाही आणि ते जगत नाही. मला हे लिहितानाही वाईट वाटतं. पण दोन महिन्यांनंतर रानात किती उंदीर असतील हे अंडी घालताना मादीला कळणार कसं? म्हणून चांगलं साल निघालं तर चार वाढावीत आणि वाईट निघालं तर निदान दोन तरी धड वाढावीत, अशी ही व्यवस्था आहे. आईने ती मुद्दाम दुष्टपणे केलेली नसते.

कोरेगावच्या शिवारात, वसना नदीच्या बाजूला, एका बांधावरच्या बाभळीवर कापशीचं घरटं होतं. रानाच्या मालकीण आजी हरभऱ्याला पाणी द्यायला आल्या होत्या. मी विचारलं, “आजी, ही बाभूळ तोडणार तर नाही ना?”

त्या म्हणाल्या, “न्हाई बाबा. पोरगा म्हनतोय बांध मोकळा करू, पर मी म्हनलं पिल्लं उडूंदे आदी. अवं, ती दिसभर उंदरंच तर उचलती. आमचंच काम करती की!”

आजींच्या रानात हरभऱ्यात मधून मधून काठ्या उभ्या केलेल्या होत्या, वर आडवी काठी बांधून. त्यांना पक्षीथांबे म्हणतात. पक्ष्यांनी त्यांवर बसून अळ्या-किडे टिपावेत म्हणून शेतकरी ते लावतात. साळुंक्या येतात, कोतवाल येतो, आणि तेवढ्याच आनंदाने कापशीही तिथे बसून बिळांवर नजर ठेवते.

पण उंदीर फार झाले की काही ठिकाणी विषाचे घास टाकतात. त्यातली काही विषं रक्त गोठू न देणारी असतात. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. कापशीला वाटतं, किती सोपी शिकार! ती तो उचलते, पिल्लांना नेते, आणि उंदरासाठी टाकलेलं विष घरट्यात पोचतं. ऑस्प्रेवरही अमेरिकेत अशीच वेळ आली होती. पिकांवर, डासांवर फवारलेलं डीडीटी पाण्यात गेलं, पाण्यातून माशांत आणि माशांतून ऑस्प्रेच्या अंगात. त्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की आई उबवायला बसली की अंडी तिच्याच वजनाने फुटायची. रेचल कार्सन यांनी १९६२ साली या विषांवर पुस्तक लिहून सगळ्या जगाला जागं केलं. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीच्या वापरावर बंदी आली आणि हळूहळू ऑस्प्रेची घरटी पुन्हा भरली.

आता तुम्हाला कापशीचं घरटं बघायचंय ना? मग आधी लांब राहायला शिका. घरट्याच्या झाडाखाली जायचं नाही. शंभर पावलांहून जास्त अंतरावर दुसऱ्या झाडाच्या सावलीत बसायचं आणि तिथून दुर्बिणीने बघायचं. मादी घरट्यात उभी राहून तुमच्याकडे टक लावून बघायला लागली किंवा ओरडायला लागली, तर तुम्ही जास्तच जवळ आहात. लगेच मागे या. ती भीतीने उडून गेली, तर मागे उघड्या अंड्यांवर कावळा येतो. कावळ्याला हाकलता हाकलता नराची काय तारांबळ होते ते एकदा बघितलंत, तर तुम्ही स्वतःहूनच आणखी मागे सरकाल. फांद्या वाकवून फोटो काढायचा नाही, आणि घरट्याची जागा मोबाइलवर सगळ्यांना पाठवायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे घरट्याला आणि अंड्यांना हात लावणं हा गुन्हाच आहे.

सोबत एक वही ठेवा. नर किती वाजता आला, काय आणलं, घासाची देवाणघेवाण कुठे झाली, कावळा कधी आला, सगळं लिहा. शेजारच्या रानात त्या दिवशी काय चाललं होतं तेही लिहिलंच पाहिजे: काढणी, नांगरट, पाणी, ऊसतोड. एक-दोन आठवड्यांनी वही उघडून बघा. काढणीच्या आणि पाणी दिल्याच्या दिवशी नराच्या फेऱ्या वाढल्या का, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. पाट भरून वाहिला की पाणी बिळात शिरतं आणि उंदीर बाहेर पळतात, हे कापशीला पक्कं ठाऊक असतं.

पिल्लं उडून गेल्यावर एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन नराच्या बसायच्या झाडाखाली बघा. तिथे बोटाच्या पेराएवढ्या राखाडी, केसाळ गोळ्या पडलेल्या असतात. ती विष्ठा नव्हे. उंदराचे न पचलेले केस आणि हाडांचे तुकडे कापशी तोंडावाटे बाहेर टाकते, त्या या गोळ्या. हातमोजे घाला, गोळी पाण्यात भिजवा आणि काडीने हळूच सोडवा. आधी नुसते केसच केस निघतात. मग एखाद्या गोळीत नखाएवढ्या जबड्याचा तुकडा सापडतो आणि त्यात पिवळसर-नारिंगी रंगाचा वाकडा दात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सारखं काहीतरी कुरतडावं लागतं. भिंगातून बघा, दाताचं टोक तासल्यासारखं धारदार असतं. याच दाताने त्याने कुणाच्या तरी हरभऱ्याचे घाटे फोडले असणार.

उडायला लागलेली पिल्लं लगेच स्वतंत्र होतात असं मात्र समजू नका. त्यांचे डोळे अजून लाल झालेले नसतात, पिवळसर-तपकिरी असतात. छातीवर, डोक्यावर तांबूस छटा असते आणि पाठीवरच्या पिसांना पांढऱ्या कडा. शिकार त्यांना येत नाही. हवेत उभं राहायचा प्रयत्न करतात आणि वाऱ्याने बाजूला ढकलले जातात. जवळजवळ अडीच महिने त्यांना खाऊ घालतो तो नर. सुरुवातीला तारेवर शेजारी बसून उंदीर देतो. पुढे पुढे तो पायात उंदीर धरून उडतच राहतो. पिल्लाने खालून यायचं, हवेतच उलटं होऊन पाय वर करायचे आणि तो उंदीर पकडायचा. सुटला तर खाली जाऊन शोधायचा.

आणि आई कुठे गेली? रानात उंदीर अजून भरपूर असतील, तर काही वेळा तिने एव्हाना दोन-तीन बांध पलीकडे दुसरी बाभूळ निवडलेली असते, आणि तिथे नव्या घरट्याच्या काटक्या रचायला तिने सुरुवातही केलेली असते.